कागदावरचा एक

३ नोव्हेंबर

टाचणे,

आधी निकाल सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मी पास झालो. चारपैकी एक.

हसू नकोस, मास्तरीणबाई. इथलं गणित उलटं आहे. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे एक कागद असतो. पेशंट दिवसभरात काय काय करू शकतो ते बघून त्या नंबर देतात. शून्य म्हणजे आजाराआधी होता तसाच. एक म्हणजे जड कामं सोडली तर बाकी सगळं करतो, हिंडतो-फिरतो. दोन म्हणजे स्वतःचं आवरतो, पण कामधंदा जमत नाही. तीन म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात नाहीतर खुर्चीत. चार म्हणजे सगळंच दुसऱ्याने करायचं. चारच्या पुढेही एक आकडा आहे, तो मी विचारला नाही.

बाईंनी विचारलं, "घरी काय करता?" मी म्हटलं, "बहिणीसाठी कोट शिवतोय." त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, चकचकीत बूट. लिहिला एक. आता पुढच्या आठवड्यात नवीन औषध सुरू. ते फार कडक आहे म्हणे, म्हणून शून्य आणि एकवाल्यांनाच देतात, दोनपासून पुढच्यांना दरवाजा बंद. फुप्फुसातली गाठ त्याने आटोक्यात राहिली, तर अजून वर्ष-दीड वर्ष तरी तुला माझी कटकट सोसावी लागेल.

तुझी वहिनी शेजारीच बसली होती. नंबर ऐकला आणि तिचा चेहरा असा खुलला, की मला लग्नाआधीची ती आठवली. घरी येऊन पोटभर जेवली. महिन्याभरात पहिल्यांदा.

कोटाचं खरं आहे बरं का. बाबांच्या दुकानातला तो करडा लोकरीचा तुकडा ट्रंकेत होता. बाबा गेल्यापासून त्याला कात्री लावायचा धीर झाला नव्हता. आता लावली. तुझी मापं माझ्याकडे आहेत, कंबरेत काय वाढवायचं ते मी मनाने वाढवलं आहे.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझा,
दादा

१४ नोव्हेंबर

दादा,

छत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण शून्यवाल्याचा पहिला नंबर काढणारी शाळा आजच ऐकली. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथे पहिली आली असती. असो. अभिनंदन. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि शेजारणीलाही वाचून दाखवलं.

करड्या तुकड्याचं वाचून मात्र रडू आलं. तो बाबांनी वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून ठेवला होता. कुणी श्रीमंत गिऱ्हाईक आलं की खाली काढायचे, हाताने कुरवाळायचे आणि "हा नको तुम्हाला" म्हणून परत ठेवायचे. आणि आपण दोघं कापायच्या टेबलाखाली. माझ्या हातात दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक, पडलेल्या टाचण्या गोळा करायला. तू आठवीत, शाळेतून आलास की दप्तर फेकून मशीनवर. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली की वाफेचा जो वास यायचा, तो मला अजून कुठल्याही लॉंड्रीसमोरून जाताना येतो, आणि मी तिथे काही काम नसताना उभी राहते. लोक विचारतात, कपडे द्यायचेत का?

आता मुद्द्याचं. तू हिंडतोस-फिरतोस असं डॉक्टर लिहून देतात, तर मग माझ्याकडे का येत नाहीस? सात तासांचा प्रवास. चार वर्षं झाली. खिडकीशी तुझ्यासाठी आरामखुर्ची आणून ठेवली आहे. वहिनीला घेऊन ये आणि पंधरा दिवस राहा. औषधातून सवड मिळणार असेल तर आजच कळव. टाळाटाळ केलीस तर मी खरंच रागावेन.

तुझी,
टाचणी

९ डिसेंबर

टाचणे,

रागावलीस ना? उत्तराला उशीर झाला. औषधाचा पहिला डोस झाला. थोडा जड गेला. अकरा दिवस हॉस्पिटलचा पाहुणचार घेतला, ताप आणि असलंच काहीतरी. आता ठणठणीत आहे. जिभेला चव नाही, एवढंच. तुझ्या वहिनीच्या स्वयंपाकाला पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी नावं ठेवत नाही.

यायचं म्हणशील तर सध्या नको. गाड्यांना गर्दी असते, थंडी आहे, आणि दुसरा डोस आठ जानेवारीला ठरलाय. परवा तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी खुर्चीतून उठून टेबलापर्यंत चालायला सांगितलं. चाललो की! पुन्हा एक. त्या म्हणाल्या, "ताप येऊनही तब्येत छान राखलीय तुम्ही." आठ तारखेला एक टिकला की डोस.

तू इकडे येऊ नकोस. तुझे गुडघे आणि आमचे तीन जिने यांचं जमत नाही.

कोट पूर्ण झाला. पार्सलने पाठवलाय. घालून बघ आणि कळव. खांद्यात ओढत असेल तर सांग, आणि ओढत नसेल तर शेजारणीला दाखव.

तिन्ही जिने मी रोज चढतो-उतरतो. काळजी नसावी.

दादा

१९ डिसेंबर

दादा,

कोट मिळाला. अंगात अगदी बरोबर बसला. घालून आरशासमोर उभी राहिले, शेजारणीला दाखवला, मिरवून घेतलं. मग ती गेल्यावर कोट काढला, खिडकीशी नेला आणि अस्तराची शिवण उलटून बघितली.

दादा, तू मला शेंडी लावतोस?

शिंप्याच्या मुलीला कोट पाठवताना तुला एवढंही सुचलं नाही? तू डावखुरा. बाबांनी दोन वर्षं पट्टी मारून बघितली, शेवटी हात टेकले. तुझे टाके उलट्या बाजूला कलतात. दुकानातले दहा कोट एकत्र टाकले तरी तुझा मी डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून काढायचे. या कोटात अस्तर उजव्या हाताचं आहे. कॉलर उजव्या हाताची. तुरपाईत टाके कुठे जवळ, कुठे लांब, मध्येच दोनदा उसवून पुन्हा घातलेले. तुझा टाका सगळ्या कोटात एकाच ठिकाणी आहे, वरच्या काजाला. सात टाके. आठव्यापासून पुढे दुसरा हात.

काजाचे सात टाके घालून तू सुई खाली ठेवलीस. आणि डॉक्टरांना सांगितलंस, कोट शिवतोय.

मी गणिताची बाई आहे, मला आता नीट मांडून दाखव. उठतोस किती वाजता? पलंगावरून खाली कोण उतरवतं? आंघोळ कोण घालतं? दुपारी किती वेळ आडवा असतोस? आणि तीन जिने शेवटचे कधी उतरलास, तपासणीच्या दिवसाखेरीज?

बाबा गिऱ्हाइकाचं माप कसं घ्यायचे आठवतं? टेप कंबरेला लावली की सगळे पोट आत ओढायचे आणि छाती काढून उभे राहायचे. मापाची वही माझ्याकडे. बाबा मोठ्याने आकडा सांगायचे आणि वर म्हणायचे, "पोरी, साहेबांना पाणी दे." म्हणजे एक इंच वाढवून लिही, साहेब श्वास धरून उभे आहेत. पहिल्यांदा मी खरंच पाण्याचा तांब्या आणला होता आणि तू मशीनवर हसून हसून खाली पडला होतास. तुझ्या डॉक्टरीणबाईंना असं कुणी शिकवलेलं नाही. त्या बिचाऱ्या समोर दिसतं तेच माप लिहितात, आणि तू त्यांच्यासमोर पोट आत घेऊन उभा राहतोस.

पहिल्या डोसाने अकरा दिवस आत होतास. "ताप आणि असलंच काहीतरी" म्हणजे काय ते मला कळतं. खोट्या नंबरावर दुसरा घेतलास तर परत येशील का, ते सांग. की मीच डॉक्टरीणबाईंना पत्र लिहू?

मला फार भीती वाटतेय दादा.

टाचणी

२७ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चार दिवस झाले, उत्तर लिहीत नाहीत. म्हणून मी लिहिते. ह्यांना माहीत नाही. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, चूकभूल समजून घ्या.

कोट मी शिवला. हे पलंगावरून सांगायचे आणि मी शिवायचे. "हा टाका आहे की जिन्याची पायरी?" असं म्हणायचे. दोनदा उसवायला लावलं. मी एकदा चिडून सुई टाकून उठून गेले होते, पण खरं सांगू, ते पंधरा दिवस मला फार आवडले. लग्न होऊन आले तेव्हा हे दुकानात आणि मी घरात. ह्यांचं काम मी कधी जवळून बघितलंच नव्हतं.

आता तपासणीच्या दिवसाचं सांगते. आम्ही पहाटे पाचला सुरुवात करतो. स्टुलावर बसवून आंघोळ घालते, मग अर्धा तास पडतात. मग शर्ट, मग पडतात. मग बूट. टाय मी बांधते. जिने उतरायला पाऊण तास लागतो, प्रत्येक वळणावर मी खुर्ची नेऊन ठेवते. डॉक्टरांच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभे राहतात, दम खाली बसेपर्यंत. मग मला म्हणतात, "चल," आणि माझा हात सोडून एकटे आत चालत जातात. दहा मिनिटं अगदी छान बोलतात, विनोद करतात. बाई हसतात आणि एक लिहितात. घरी आल्यावर दोन दिवस डोळे उघडत नाहीत.

मी बोलले का नाही, असं तुम्ही विचाराल. बाई नंबर सांगतात तेव्हा हे त्यांच्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. मला वाटायचं, ह्यांना ते औषध हवंय, जगायची उमेद आहे, मी कशाला मोडता घालू? म्हणून मी आनंदी चेहरा करायची. घरी आल्यावर भूक नसताना जेवायची. शर्टाला इस्त्रीही मीच करते वन्सं. आधीपेक्षा कडक.

पहिल्या डोसानंतर तिसऱ्या दिवशी ह्यांनी मला ओळखलं नाही. ते तुम्हाला कळवू नको म्हणाले होते.

आठ तारीख जवळ आली. मी काय करू?

तुमची,
वहिनी

२ जानेवारी

दादा, वहिनी,

हे पत्र दोघांना आहे. दोघांनी शेजारी बसून वाचा.

दादा, वहिनीने मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर डाफरलास तर माझ्याशी गाठ आहे. तू एक मिळवतोस तो तिने जेवावं म्हणून, आणि ती जेवते ती तुला उमेद राहावी म्हणून. तुमच्या या लपंडावात ते औषध मधल्यामध्ये तुझा जीव घेईल. कोट दोघांनी मिळून शिवलात ना? मग हेही दोघांनी मिळून सांगा.

मी डॉक्टरीणबाईंना लिहिणार नाही. ते काम तुझं आहे. एवढंच कर, आठ तारखेला तयार होऊ नकोस. घरात जसा असतोस तसा जा. पाचला उठायचं नाही, टाय नाही, दाराबाहेर दम बसेपर्यंत थांबायचं नाही. वहिनी, तुम्ही ह्याचा हात सोडू नका. आणि कागदावर तुझा नंबर तू स्वतः सांग, त्यांनी लिहायच्या आधी.

औषध बंद होईल हे मला कळतं. हे वाक्य लिहायला मी तीन कागद फाडले. पण मला भाऊ हवाय, मग तो पलंगावर पडलेला का असेना.

टाचणी

११ जानेवारी

टाचणे,

हे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. माझा हात आता पेन फार वेळ धरत नाही. बघ, खरं बोलायची सवय लागली.

पत्र वाचल्यावर तुझ्या वहिनीशी दोन तास भांडलो. मग दोघंही रडलो. मग ती म्हणाली, तुमच्यासाठी मी दोन महिने दुप्पट जेवले, चार किलो वाढले, त्याचं काय करू? (हे मी लिहिणार नव्हते, ह्यांनी लिहायला लावलं.)

आठ तारखेला घरातल्या पायजम्यात गेलो. वर जुना स्वेटर, कोपराला भोक पडलेला. शिंपी म्हणून आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी खुर्चीत बसवून उतरवलं. हॉस्पिटलात चाकाची खुर्ची मागितली. मला दारात बघताच डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या, "काय झालं? पडलात का?"

मी म्हटलं, "नाही. रोज असाच असतो. तुम्हाला भेटायला येतो तेव्हा वेगळा असतो."

मग त्यांना सगळं सांगितलं. पाचला उठणं, वळणावरच्या खुर्च्या, दाराबाहेरची भिंत. बाबांची मापाची वहीसुद्धा सांगितली. बाई तरुण आहेत, माझ्या शेवटच्या मशीनपेक्षाही लहान असतील. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला खुर्चीपासून टेबलापर्यंतचाच माणूस दिसतो. बाकीचे तास मी तुमच्या शब्दावर लिहिते." पुढे म्हणाल्या, "अकरा दिवस ताप होता, तेव्हा मला विचारायला हवं होतं. मी तुमचा शर्ट बघत बसले."

त्यांनी नंबर विचारला. मी म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, "मी आजही दोन म्हटलं असतं, तुम्ही बोलता इतकं छान." मग तुझ्या वहिनीला विचारलं. ही पटकन म्हणाली, "तीन. आंघोळीच्या दिवशी चार."

मी चार? भर दवाखान्यात मी हिला हिशेब विचारला. ही म्हणते, "पाठ कोण घासतं? पाय कोण उचलतं?" आमची तिथेच जुंपली. बाईंनी दोघांनाही थांबवलं आणि कागदावर तिन्ही आकडे लिहिले, कुणी कुठला सांगितला ते नावानिशी. म्हणाल्या, यापुढे नवीन पेशंट आला की आधी घरच्यांना बोलायला सांगेन, मी नंतर.

आता तुला हवं ते उत्तर. औषध बंद. बाई स्पष्ट म्हणाल्या, दुसऱ्या डोसातून तुम्ही घरी आला नसता. आता दम कमी लागेल आणि दुखणार नाही एवढीच औषधं. आठवड्यातून दोनदा नर्स घरी येईल. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, "महिने. वर्ष नाही." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी तुझ्या वहिनीकडे. तिने या वेळी चेहरा सांभाळला नाही. तिचा तो खरा चेहरा बघून, टाचणे, खूप दिवसांनी मला ती सापडल्यासारखं वाटलं. (पुरे आता.)

घरी येऊन दोघंही जेवलो नाही. मग संध्याकाळी जरा भूक लागली, तेव्हा एकाच ताटात थोडं खाल्लं.

दिवस आता असा जातो. मी खिडकीशी पलंगावर. ही समोर मशीनवर, स्वतःसाठी कोट शिवतेय. बाह्या उलट्या लावल्या होत्या, मी दिवसभर गप्प बसलो आणि मग सांगितलं, मजा आली. दुपारी झोपतो. उठलो की जुन्या गोष्टी सांगतो. हिला दुकानातलं काहीच माहीत नव्हतं ग. बाबा गुणगुणायचे ते, आपली टेबलाखालची भांडणं, खडूची धूळ उन्हात दिसायची ते. पन्नास वर्षं संसार केला आणि हे सांगायला वेळ आत्ता मिळाला.

तू ये. येऊ नकोस असं लिहिलं होतं, कारण तू मला एका मिनिटात ओळखलं असतंस. आता ये. गुडघ्यांना वाटेल तेवढा वेळ लागू दे, खालच्या घरातली माणसं प्रत्येक वळणावर तुझ्यासाठीही खुर्ची ठेवतील. सामान कमी आण.

एक सांगून ठेवतो, म्हणजे तुला धक्का बसणार नाही. दुकानात आयुष्य गेलं, दारात कुणीही आलं की उठून उभं राहायचं अंगात मुरलंय. तू तर माझी बहीण. पण तू आत येशील तेव्हा मी उठणार नाही. तू वाकून जवळ ये.

तुझा,
दादा